फोटोतला रुपया आणि हातातला रुपया

"मुलगी फोटोत पाहू नये आणि आंबे टोपलीत पाहू नयेत," असे आमची आजी म्हणत असे. आंब्यांचे कारण सांगायला नको. वरच्या थरात चार केशरी दिसतात आणि खाली काय निजले आहे ते घरी आल्यावर कळते. फोटोचे कारण समजायला मात्र मला साठी उलटावी लागली, आणि तेही मुलीच्या नव्हे, एका चांदीच्या रुपयाच्या निमित्ताने समजले. ती हकीगत वाचकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते. हकीगतीत मी चुकलो आहे, तेव्हा सांगताना थोडा संकोच वाटतो. पण दिवाळीच्या तोंडावर घरोघर चांदीचे रुपये डब्यांतून बाहेर निघतात. माझी चूक वाचून एखाद्या घरातला एखादा रुपया वाचला, तर संकोच वाया गेला असे म्हणणार नाही.

माझा नाण्यांचा नाद या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. घरातल्या मंडळींना तर तो नको इतका ठाऊक आहे. नोकरीत असताना महिन्या-दोन महिन्यांनी एखादे नाणे घेत असे. निवृत्त झाल्यावर घेणे कमी झाले आणि सल्ला देणे वाढले. सल्ल्याला पैसे पडत नाहीत हे एक, आणि तो चुकला तर नुकसान दुसऱ्याचे होते हे दुसरे! पूर्वी लोक नाणे खिशात घालून घरी येत, चहा होई, मग मी भिंग काढी. आता मोबाईल आला. लोक फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "काका, हे किती जुने? काय किंमत येईल?" मीही जेवता जेवता एका हाताने दोन ओळींत निकाल देऊ लागलो. न्यायाधीशाला निदान साक्षीदार तरी समोर उभा करून घ्यावा लागतो. मला तेवढीही गरज वाटेना.

अशात गेल्या वर्षी आषाढात अक्काच्या रुपयांचा फोटो आला.

अक्का माझी थोरली बहीण. सांगलीला असते. आईच्या मागे तिच्या वाट्याला पाच रुपये आले होते. त्यांतले चार लक्ष्मीपूजनाचे. दर दिवाळीला आई ते चिंच आणि राख लावून घासायची, आणि ते असे लखलखायचे की आम्हा मुलांना त्यात तोंड पाहावेसे वाटे. पाचवा रुपया निराळा. तो आईच्या आईचा. १९१९ साली तिचे लग्न झाले तेव्हा तिच्या वडिलांनी कोरा रुपया तिच्या हातावर ठेवला होता. तो तिने कधी मोडला नाही, पूजेतही ठेवला नाही. कागदाच्या पुडीत बांधून लाकडी पेटीच्या तळाशी ठेवला, आणि पुढे आईने व अक्कानेही तो तसाच ठेवला.

गेल्या वर्षी अक्काच्या नातीचे लग्न ठरले. पाचही रुपये आटवून, वर थोडी चांदी घालून नातीला निरांजनांची जोडी करावी असे अक्काच्या मनात आले. पण देण्यापूर्वी भावाला विचारावे, कारण भावाला यातले कळते! भाच्याने रात्री जेवणाच्या टेबलावर रुपये मांडले, वर ट्यूबलाइट, त्यात मोबाईलचा फ्लॅश, आणि फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिले, "मामा, आई विचारते, यातले काही ठेवण्यासारखे आहे का? नसल्यास धनत्रयोदशीच्या आत सराफाकडे देऊ."

मी पाहिले. चार रुपये पांढरे फटफटीत. घासून घासून राजा-राणीचे चेहरे गुळगुळीत. पाचवा काळपट. पाचव्या जॉर्जचा, १९१८ सालचा. राजाच्या कानाजवळचे केस सपाट दिसत होते आणि अंगरख्यावरच्या हत्तीचा नुसता ठिपका झाला होता. मी लिहिले, "१९१८ चा रुपया सर्वत्र मिळतो. झीज बरीच आहे, रंगही काळवंडला आहे. पाचही चांदीच्या भावाने द्यायला हरकत नाही." दोन मिनिटांचे काम. मग मी ताकभात संपवला.

यात मी काय चूक केली हे समजण्यासाठी नाण्याची प्रत म्हणजे काय ते थोडे सांगावे लागेल. नाणे जुने म्हणून महाग, अशी लोकांची समजूत असते. तसे नसते. १९१८ साली महायुद्ध चालू होते, रुपयांची टंचाई होती, आणि मुंबई व कलकत्ता या दोन्ही टांकसाळींतून कोट्यवधी रुपये पडले. चांदी कमी पडू लागली तेव्हा अमेरिकेने त्याच वर्षी पिटमन कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर आटवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी विकली. तेव्हा त्या सुमाराचे रुपये दुर्मिळ नाहीत. अशा नाण्याला चांदीपेक्षा अधिक किंमत आली तर ती केवळ प्रतीमुळे येते, म्हणजे ते किती कमी झिजले आहे यावरून.

ही प्रत मोजण्याची एक पट्टी आहे. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी ती बसवली. १ म्हणजे नुसते ओळखू येते इतके झिजलेले, ७० म्हणजे निर्दोष. आणि सत्तर प्रतीच्या सेंटाची किंमत एक प्रतीच्या सेंटाच्या सत्तरपट असावी असा त्याचा हिशेब होता. किमतीचा हिशेब पुढे राहिला नाही, पण पट्टी राहिली आणि आज जगभर चालते. ६० पासून पुढे वापरात न गेलेली नाणी. आपल्याकडचे व्यापारी 'फाईन', 'व्हेरी फाईन', 'एक्स्ट्रा फाईन', 'यूएनसी' असे शब्द वापरतात. यूएनसी म्हणजे कोरे. ५८ आणि ६२ यांत दिसायला बोटभरही अंतर नसते, पण किमतीत पुष्कळ असू शकते.

झीज प्रथम उंच भागावर येते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४० नंतरच्या काळात नाण्यांतली चांदी इतकी कमी केली की राजाच्या चेहऱ्याचे नाक झिजताच खालचे तांबे दिसू लागले, आणि प्रजेने त्याला 'तांबडनाक्या' अशा अर्थाचे नाव ठेवले. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान, केस आणि अंगरख्यावरची नक्षी हे उंच भाग. त्या नक्षीत एक हत्ती आहे. १९११ च्या पहिल्या रुपयावर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड आणि अंग असे काही उतरले होते की लोकांना तो डुक्कर वाटला. मोठा गवगवा झाला. थोडेच रुपये बाहेर पडले होते. उरलेले आटवण्यात आले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. तेव्हा उठावाच्या चित्रात मनुष्याचा डोळा किती सहज फसतो हे सरकारलाही एकदा कळले आहे.

असो. आता दुसरी गोष्ट, जी फोटोत जवळजवळ येतच नाही, ती म्हणजे तकाकी. ठसा चांदीच्या चकतीवर दाबला जातो तेव्हा चांदी वितळत नाही, पण त्या जबर दाबाखाली मध्यापासून कडेकडे सरकते. सरकताना पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक रेषा उमटतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. कोरे नाणे एका दिव्याखाली धरून हळूहळू कलते केले की समोरासमोर दोन उजळ पट्टे दिसतात आणि नाणे हलेल तसे ते चाकासारखे फिरतात. ही खरी तकाकी. नाणे हाताळले की प्रथम उंच भागावरच्या रेषा मोडतात आणि तेथे चाक अडखळते. नाणे घासले की सगळ्याच रेषा मोडतात. उरते ती चकाकी. चकाकी आणि तकाकी यांत तोच फरक, जो खणखणीत आवाज आणि नुसता मोठा आवाज यांत असतो.

फोटो म्हणजे एक क्षण, एक दिवा, एक कोन. त्यात चाक फिरणार कसे? आणि दिवा कुठे आहे यावर एकच रुपया चार निरनिराळे रुपये होतो. हे मी पुढे घरीच करून पाहिले. एक जुना रुपया, टेबलावरचा दिवा आणि नातवाचा मोबाईल एवढ्या सामग्रीवर एक रविवार घालवला.

दिवा अगदी खाली, नाण्याच्या कडेशी ठेवला की सावल्या लांब पडतात. झिजलेला चेहरा खोल कोरल्यासारखा वाटतो. पण बारीकसा ओरखडाही नांगराच्या तासासारखा दिसतो. दिवा वर नेला, पण लेन्सच्या एका बाजूला ठेवला, की तकाकी निदान एका पट्ट्यापुरती उमटते. दिव्यापुढे पातळ पांढरा कागद धरला की उजेड सगळीकडून सारखा येतो, आणि घासलेले नाणे व कोरे नाणे जवळजवळ सारखे दिसू लागते. ओरखडे गायब, तकाकीही गायब. फ्लॅश मारला की मध्ये पांढरा डाग आणि भोवती अंधार. उंच भागावर प्रकाश असा भाजतो की तेथले केस पुसल्यासारखे वाटतात. आणि दिवा खालच्या बाजूने लावून फोटो पाहिला तर राजाचे डोके उठावाऐवजी खड्ड्यासारखे दिसते. कारण उजेड वरून येतो अशी आपल्या डोळ्यांची जन्माची सवय!

जाणते लोक आणखी एक युक्ती करतात. लेन्स आणि नाणे यांच्या मध्ये साधी काच पंचेचाळीस अंशांत तिरपी धरतात आणि दिवा बाजूने काचेवर टाकतात. उजेड काचेवरून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि परत वर येतो. या उजेडात चांदीवर चढलेले रंग फार सुरेख उतरतात. पण उठाव सपाट होतो. म्हणजे एक मिळवावे तर दुसरे जाते.

त्यातून मोबाईल स्वतःच थोडा शहाणा असतो. तो पिवळा उजेड पांढरा करतो, खरखर पुसतो, कडा उगाच धारदार करतो. शिवाय रुपयाचा व्यास सुमारे तीस मिलिमीटर. पडद्यावर तो ताटलीएवढा होतो. प्रत नुसत्या डोळ्यांनी किंवा पाच-सात पटींच्या भिंगातून ठरवायची असते. ताटलीएवढ्या रुपयावर देवाघरचे नाणेही खरचटलेले दिसेल.

हे नवे नाही बरे का. ब्रिटिश म्युझियमने १८७३ पासून ग्रीक नाण्यांच्या मोठमोठ्या सूची छापल्या, त्यांत नाण्यांचे फोटो नव्हते. नाण्यांचे प्लॅस्टरचे साचे काढून त्या साच्यांचे फोटो होते. चांदी कुठे चमकते, कुठे काळी पडते. प्लॅस्टर मात्र सगळीकडे सारखे पांढरे. चित्र कोणते, अक्षरे कोणती हे त्यातून उत्तम कळे. नाण्याची कातडी कशी आहे हे कळत नसे, आणि तसा दावाही कोणी करीत नसे. त्या विद्वानांना ठाऊक असलेली गोष्ट मी ताकभात खाताना विसरलो.

खरे म्हणजे मला विसरायला नको होती. काही वर्षांपूर्वी मी सातव्या एडवर्डचा एक रुपया फोटोवरून मागवला होता. फोटोत दुधासारखा पांढरा, एक डाग नाही, एक रेघ नाही. सणाला मिळालेले पैसे त्यात घातले. रुपया आला, खिडकीशी नेऊन कलता केला, आणि माझे तोंड उतरले. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा सगळीकडे, चाकाचा पत्ता नाही. कुणीतरी तो कापडाने जीव तोडून पुसला होता, आणि फोटो काढणाऱ्याने मऊ उजेडात तो गुन्हा झाकला होता. आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "निदान लक्ष्मीपूजनाला तरी घासायला नको."

तर आता सांगलीची गोष्ट. दसरा झाल्यावर दोन दिवस अक्काकडे गेलो. लग्नाची बोलणी, याद्या, पत्रिकांचे नमुने असा पसारा पडला होता. रुपयांचा विषयही माझ्या डोक्यात नव्हता. संध्याकाळी वीज गेली. अक्काने देवापाशी समई लावली होती, तिच्याजवळ आम्ही दोघे बसलो. ती उठून पेटीतून पुडी घेऊन आली.

"उद्या सराफाकडे द्यायचे आहेत. म्हटलं, आजीचा रुपया एकदा तुझ्या हातात तरी द्यावा. तू तिचा लाडका होतास."

मी तो कडेने धरला आणि सवयीने समईकडे कलता केला.

आणि चाक फिरले! दोन उजळ पट्टे राजाच्या गालावरून, मुकुटावरून, कडेच्या अक्षरांवरून सरकत गेले. कडेला निळा, आत जांभळा, मध्ये मधासारखा पिवळा. मी पुन्हा कलता केला. पट्टा कानाजवळच्या सपाट केसांवर आला आणि न अडखळता पलीकडे गेला. अंगरख्यावरच्या हत्तीवरूनही तसाच गेला. मी भिंग काढले. हात थोडा कापत होता हे कबूल करतो.

कानाजवळचा भाग सपाट होता हे खरे, पण तो झिजून सपाट झाला नव्हता. झिजला असता तर तेथली तकाकी आधी गेली असती. ठसा तेथे पुरता बसलाच नव्हता. लाखोंनी रुपये पडत असतात तेव्हा असे होते. खोल भागात चांदी शिरायच्या आत दाब सुटतो. म्हणजे तो भाग टांकसाळीतून बाहेर पडला तेव्हाच तसा होता. आणि काळा रंग? तो मळ नव्हता. कागदातल्या आणि हवेतल्या गंधकाचा चांदीवर शंभर वर्षांत चढलेला पातळ पापुद्रा होता. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात ना, तेच हे. उजेड योग्य कोनात परतला तरच ते दिसतात. नाहीतर नुसते काळे. ट्यूबलाइट आणि फ्लॅश यांच्या कचाट्यात भाच्याच्या फोटोत ते काळे दिसले, आणि मी त्यांना काळे म्हटले.

फोटोत झीज आणि अपुरा ठसा यांत फरक करणे फार कठीण. हातात, एका दिव्याखाली, ते दोन क्षणांचे काम. मी दोन मिनिटे घेतली होती, पण ती चुकीच्या ठिकाणी.

"अक्का," मी म्हणालो, "हा देऊ नकोस. मी चुकीचं सांगितलं होतं."

"म्हणजे? तूच लिहिलंस ना झिजलाय म्हणून?"

"लिहिलं. फोटो पाहून लिहिलं."

अक्का काही वेळ बोलली नाही. मग हसली. वाचकांना सांगायला हवे, अक्काच्या लग्नाच्या वेळी तिचा एक फोटो स्टुडिओत काढला होता. समोरून भगभगीत दिवे, तोंडाला पावडर. त्या फोटोवरून दोन ठिकाणांहून नकार आला होता. त्या दोन्ही वेळी ती रात्रभर आजीच्या कुशीत रडली होती आणि आजीचे ते फोटोचे वाक्य तेव्हाचेच. पुढे भावजी फोटो न पाहताच आले, परसात पाणी भरणारी अक्का पाहून गेले, आणि बेचाळीस वर्षांचा संसार झाला.

"बाळ," अक्का म्हणाली, "आजीने मला जे सांगितलं ते तुला सांगायचं राहिलं वाटतं."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नाणे वाचले याचा आनंद होताच, पण दुसरा विचार पाठ सोडीना. वीज गेली नसती तर? मी दसऱ्याला न जाता भाऊबीजेला गेलो असतो तर? आणि गेल्या चार-पाच वर्षांत मी किती घरांना असे दोन ओळींचे निकाल दिले असतील! त्यांतले किती रुपये आता पैंजण झाले असतील ते कोण सांगणार?

खात्री करावी म्हणून अक्काच्या परवानगीने रुपया मुंबईत एका जुन्या जाणत्या व्यापाऱ्याकडे नेला. त्यांनी दुकानातले बाकीचे दिवे घालवले, एकच दिवा ठेवला, रुपया बराच वेळ फिरवला, वजन केले. अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅम, म्हणजे पुरते १८० ग्रेन. म्हणाले, "कोरा आहे. कोणी हात लावला नाही याला, हेच याचं मोल." मग आकडा सांगितला. चांदीच्या भावाचा आकडा त्यात बरेचदा बसला असता. घर होण्याइतका मुळीच नव्हता, पण निरांजनांची जोडी सहज झाली असती.

होणाऱ्या नातजावयाने सुचवले की अमेरिकेत पाठवून प्रत ठरवून, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून आणू. मी त्याला सांगितले की १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे आपल्याला खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि डबीत घालायची घाई तरी कशाला?

विकायचे की ठेवायचे हे अक्काने ठरवले. आजीच्या वडिलांनी आजीच्या हातावर ठेवला, तसा तिने तो लग्नात नातीच्या हातावर ठेवला. पुडी जुनीच. सोबत माझ्या अक्षरात एक चिठ्ठी: 'घासू नये.' चार घासलेल्या रुपयांना चांदीपेक्षा अधिक भाव नाही हे मी तिला सांगितले होते. ती म्हणाली, "ते आईच्या हातचे आहेत. निरांजनं बाजारात मिळतात." तेही राहिले. प्रतीच्या पट्टीवर आईच्या हाताला गुण नाहीत. तो पट्टीचा दोष म्हणू या.

आता वाचकांसाठी चार गोष्टी. पूजेचे रुपये घासायचे तर नेहमीचे घासा, त्यांचे जे व्हायचे ते झाले आहे. पण पुडीत, पेटीत, बटव्यात निराळा ठेवलेला रुपया सापडला तर त्याला चिंच, राख, दंतमंजन, लिंबू काही लावू नका. पाण्यानेही चोळू नका. कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. काळा दिसला तर घाबरू नका.

फोटो पाठवायचाच असेल तर एक पाठवू नका. फ्लॅश बंद करा. एकच दिवा घ्या. एक फोटो दिवा वर ठेवून, एक खाली ठेवून, एक नाणे थोडे कलते करून. छापा आणि काटा दोन्ही. त्याहून बरे म्हणजे दिव्याखाली नाणे सावकाश कलते करीत अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढा. आणि घेणारे तुम्ही असाल तर उलट विचार करा. फोटोत काय दिसते यापेक्षा या उजेडात काय दिसू शकत नाही, हे आधी विचारा. हातात घेऊन पाहिल्याशिवाय, किंवा परत करण्याची बोली असल्याशिवाय, मोठी रक्कम देऊ नका. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असे सांगणाऱ्यांना तर उत्तरही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केले आहे की असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही.

माझ्यापुरते म्हणाल तर मी आता फोटोवरून निकाल देत नाही. कुणी विचारले तर लिहितो, "नाणे घेऊन या. चहा घेऊ." लोकांना वाटते काका म्हातारे झाले, पूर्वीसारखे चटकन सांगत नाहीत. ते खरेच आहे.

या लक्ष्मीपूजनाला आरती झाल्यावर घरातले दिवे क्षणभर मालवा. समईपुढे आपल्या घरचा जुना रुपया कडेने धरून हळूच कलता करा. चाक फिरले तर मुलांना दाखवा. नाही फिरले तर तो कुणाच्या हातांनी घासला हे आठवून मुलांना सांगा. दोन्ही प्रकारे दिवाळी साजरीच होईल.